बंदीचं जेवण

मी जातीनं लिंगायत, धंद्यानं किराणा दुकानदार. आमच्या घरात मासा कुणी खाल्लेला नाही. शेजारी सुकट भाजायला घेतली की आमची शांतव्वा, म्हणजे माझी बायको, खिडक्या लावून उदबत्ती पेटवते. आणि तरीही मी बरीच वर्षं गावच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

ही नेमणूक हंबीररावांची. हंबीरराव सोसायटीचे चेअरमन. ऊसवाले, कारखान्याच्या राजकारणात ऊठबस, जीपगाडी, मिशी. ते दुकानात आले, शेंगदाण्याच्या पोत्यात हात घातला आणि म्हणाले, "प्रभुआण्णा, तुमी मासं खात न्हाय. म्हंजे घरला न्हेनार न्हाय. सेक्रेटरी तुमीच." या न्यायानं चेअरमन कुणाला करायला हवं होतं, ते मी बोललो नाही. हंबीररावांना पोहता येत नव्हतं. तळ्यात ते एकदाच उतरले होते, बेंदराला बैल धुवायला, आणि त्या वेळी बैलानंच त्यांना बाहेर आणलं.

आमच्या जिल्ह्यात सहकार असाच चालतो. फोटोत बसणारे असतात, सह्या करणारे असतात आणि काम करणारे असतात. शेवटचे फोटोत मावत नाहीत.

आमच्याकडे काम करणारा म्हणजे भोई आळीतला आकाराम. हुपरीच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या उशाशी तळं. त्या तळ्यात आकारामचा बाप जाळं टाकायचा, आजा टाकायचा. त्याची बायको बयाबाई पहिल्या एसटीनं बुट्टी घेऊन कोल्हापूरला जायची आणि दुपारच्या आत रिकामी बुट्टी घेऊन परत यायची. तिची गिऱ्हाइकं ठरलेली. ती मासा मागत नसत, तांबर मागत. तांबर म्हणजे आमच्या तळ्याचा जुना रहिवासी. हातभर लांब, तांबूस कल्ल्यांचा, चवीला गोडसर. चवीचं मी ऐकीव सांगतोय. पावसाळ्यात ओढ्याला लाल पाणी आलं की हे मासे वर चढायचे, ओढ्याच्या उथळ पाण्यात अंडी टाकायचे आणि तळ्यात परत यायचे. या एका माशावर आकारामचं घर चालत होतं. तांबर गेला तर आकारामचा धंदा गेला, हे त्याला माहीत होतं, बयाबाईला माहीत होतं आणि मला, शाकाहारी असून, माहीत होतं.

म्हणून तर बंदी होती. मृग निघाला की जाळी वाळत पडायची, ती नारळी पौर्णिमेलाच परत पाण्यात जायची. ही बंदी सरकारनं घातलेली नव्हे, भोयांच्या जुन्या माणसांनी घातलेली. बंदीच्या आदल्या दिवशी ते शेवटचा फेरा टाकायचे, आणि जे येईल ते तळ्याच्या काठावर शिजवून सगळी आळी जेवायची. ते बंदीचं जेवण. तेव्हा ते जेवण साधंच असायचं. मासे बारके, पोटं रिकामी. पोट चिरलं तर आत धाग्याएवढं काहीतरी पिवळट दिसायचं.

सोसायटी झाल्यावर जेवण सोसायटीचं झालं. म्हणजे आळीचं होतं ते गावाचं झालं, गावाचं होतं ते पंचक्रोशीचं झालं, आणि पुढं पुढं तर आजऱ्याकडचे, शाहूवाडीकडचे लोक गाड्या करून यायला लागले. त्यांतल्या निम्म्यांना तळं कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नसायचं. चुलीच्या धुराकडं बघून ते गाडी वळवायचे. हंबीररावांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. ज्यानं आपल्याकडं मासा खाल्ला तो मतदानाला दुसरीकडं जात नाही.

हंबीरराव चेअरमन झाले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात चमत्कार झाला. जेवणासाठी मासे चिरायला घेतले तर तांबराची पोटं गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, गच्च. बायका बघतच राहिल्या. मृगाच्या आधी गाबोळी कुणी पाहिली नव्हती. त्या दिवशी पंगतीत ज्याच्या त्याच्या ताटात गाबोळीचा तुकडा पडला, आणि उठता उठता कुणीतरी म्हणालं, हा चेअरमनचा पायगुण. झालं. दुसऱ्या वर्षीही गाबोळी, तिसऱ्या वर्षीही गाबोळी. पायगुण सिद्ध झाला. मारुतीच्या देवळापुढं फलक लागला, हंबीररावांचा हार घातलेला फोटो आणि खाली 'ज्यांच्या पायगुणाने तळे भरले'. तळं भरलेलं नव्हतं. दरसाल आटत होतं. पण फलकाला पाणी मोजता येत नाही.

आकाराम एकटा त्या जेवणात गाबोळीला हात लावायचा नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गाबोळी ताटात आली म्हंजे वड्यात गेली न्हाय की ओ आण्णा."

मी हिशेबाचा माणूस. ताटातलं अंडं ओढ्यात जमा होत नाही, हे मला पटलं. पण बाकी गावात अपचन सोडून काही पटवून घेण्याच्या अवस्थेत कुणी नव्हतं.

खरं तर या गाबोळीचं कारण गावातल्या बायकांना पायाखाली कळत होतं. शिमग्याच्या सुमाराला तळ्यावर धुणं धुवायला उतरलं की पूर्वी दात वाजायचे. आता पाणी कोमट लागायचं. माघातच अंगातला स्वेटर निघायचा, चैत्रात जीव नकोसा व्हायचा, वळीव कधीही कोसळायचा. सगळेजण पारावर बसून 'काय ऊन पडलंय' म्हणायचे आणि उपरण्यानं वारा घ्यायचे. ऊन आपल्याला लागतं तसं पाण्याला लागतं आणि पाण्याला लागलं की माशाला लागतं, एवढं पुढं कुणी जात नव्हतं. तेवढं पुढं जायला डोकं लागतं, आणि डोक्यावर तर टोपी होती.

सत्त्याण्णव साली कोल्हापूरहून सौंदर्या मॅडम आली. कॉलेजात शिकवायची आणि तळ्यातल्या माशांवर प्रबंध करत होती. दोरीला थर्मामीटर बांधून ती तळ्यात सोडायची. गावाला ती आधी मलेरियाची बाई वाटली, त्यामुळं पहिल्या आठवड्यात घरोघरचे रांजण घासून लख्ख झाले. मग कळलं की ती पाण्याचा ताप बघते. तेव्हा लोक निर्धास्त झाले आणि रांजणांत पुन्हा शेवाळ धरलं.

वर्षभर ती आकारामच्या होडीत बसून फिरली. मासे मोजले, पोटं तपासली. ती आमच्यातलीच, म्हणजे लिंगायताची मुलगी. शांतव्वा तिला जेवायला घालायची आणि विचारायची, "अगं, मासा हातात धरवतो तरी कसा तुला?" ती हसायची. प्रबंधाचा अर्थ तिनं मला आमच्या ओसरीवर दोन वाक्यांत सांगितला. "अण्णा, माशाकडं कॅलेंडर नसतं. पाणी तापलं की त्याच्या पोटात अंडी तयार व्हायला लागतात. पाणी आता लवकर तापतं, म्हणून अंडी लवकर धरतात, आणि तुमची बंदी मात्र आजोबांच्या काळातल्या तारखेवर बसून आहे."

मी तिला म्हणालो, हे वार्षिक सभेत सांग. माझा सभेवर विश्वास होता असं नव्हे. पण सेक्रेटरीला दुसरा रस्ता सुचत नाही.

सभा मारुतीच्या देवळात भरली. मॅडम छान बोलली. साधं, समजेल असं. सगळे कान देऊन ऐकत होते, ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती, कारण आमच्या सभेत कान देऊन फक्त जेवणाच्या बेताची चर्चा ऐकतात. ती म्हणाली, बंदी मृगाची वाट न बघता अलीकडं घ्यायला पाहिजे.

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "मॅडम, नक्की सांगा. पोटं गच्च कवा भरत्यात?"

"सध्या अक्षय तृतीयेच्या आसपास. तेव्हा जवळजवळ सगळ्या माद्या भरलेल्या असतात."

"म्हंजे मृगापत्तुर थांबलं की?"

"तोवर वळवाच्या पावसात काहींनी अंडी टाकलेली असतात, काहींची पोटातच जिरतात. उशीर होतो."

"बरोबर. उशीर हुतोय," हंबीरराव म्हणाले. "ठराव लिवा आण्णा. शास्त्रीय सल्ल्यानुसार बंदी अक्षय तृतीयेपासून."

एकमतानं मंजूर. टाळ्या. सौंदर्या मॅडमचा चेहरा असा उजळला की बघवेना. शहरातल्या माणसाला गावात एकमतानं काही मंजूर झालं की आनंद होतो. आम्हाला भीती वाटते.

देवळाच्या पायऱ्या उतरताना आकारामनं तिला गाठलं. तो रागावला नव्हता, तो थकला होता. "बाई, बंदीचं जेवण बंदीच्या आदल्या दिशी असतंय. तुमी त्येस्नी मुहूर्त काढून दिला."

ती तिथंच पायरीवर बसली. मग परत आत गेली आणि हंबीररावांना म्हणाली की असं नाही, बंदी अंडी धरायच्याही आधी हवी, आणि जेवण नकोच. हंबीरराव तिला मुलीसारखं समजावत म्हणाले, "मॅडम, बंदी आमी पाळतोच की. दरसाल पाळतोय. पन बिनगाबोळीचं बंदीचं जेवण म्हंजे बिननवऱ्याचं लगीन. लोकं काय म्हनतील?"

लोकांनी काहीच म्हटलं नाही. लोक जेवले. बंदी अक्षय तृतीयेपासून, म्हणून जेवणाला आदला दिवस धरला. त्यात तो दिवस शनिवार निघाला तर आणखी एक दिवस अलीकडं. आमच्या भागात माशांचं खरं संरक्षण देवांनीच केलंय. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्या वारांना मासा सुखानं पोहतो. मत्स्यव्यवसाय खात्याला जे जमलं नाही ते तीन देवांनी पगार न घेता केलं.

पुढची वर्षं अशीच गेली. ऊन अलीकडं सरकलं की मॅडम थर्मामीटर घेऊन यायची, कळवळून सांगायची, पाडव्याच्या आधी बंदी करा. सभा तिचं ऐकायची आणि जेवण पाडव्यावर आणायची. गावात लोक तिला आदरानं विचारायला लागले, "मॅडम, औंदा कवा भरतंय?" जसं पंचांगवाल्याला विचारतात. तिनं सांगायचं बंद केलं तर हंबीररावांनी दुसरी सोय केली. जाळ्यातल्या एक-दोन माद्या आधीच चिरून बघायच्या. नसल्या भरलेल्या तर पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन. चाचणीचे मासे चेअरमनच्या घरी जायचे. शास्त्र असं गावात रुजलं.

तांबर कमी व्हायला लागला. बयाबाईच्या बुट्टीत तो आधी वरच्या थराला आला, मग फक्त मधोमध, मग आठवड्यातून एकदा. गिऱ्हाईक विचारायचं, ती म्हणायची उद्या आणते. तिचा पोरगा हुपरीला पैंजणांच्या कारखान्यात लागला. दिवसभर बसून चांदीचे घुंगरू जोडायचं काम. आकाराम म्हणायचा, "पोराला जाऊ दे. मी तांबर हाय तवर हाय."

दोन हजारच्या सभेत बयाबाई उठून उभी राहिली. गावातल्या बायकांनी सभेत बोलायची पद्धत नव्हती, पण अडवायला कुणी धजावलं नाही, कारण तिच्या बोलण्याला सगळे वचकून होते. ती म्हणाली, "मी काय जास्ती मागत न्हाय. एक साल जेवान करू नगा. एक साल. मासं वर चढू द्या, परत येऊ द्या. एक साल मासा खाल्ला न्हाय तर मरताय काय?"

मागच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आता होतंय. हंबीररावांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "बयाक्का बोलली त्ये शंभर टक्के खरं. पर औंदा इलेक्शन हाय."

पुढच्या वर्षी इलेक्शन नव्हतं. तेव्हा हंबीररावांच्या पुतणीचं लग्न होतं.

तांबराची भरपाई म्हणून सोसायटीनं बीज सोडायचं ठरवलं. खात्याच्या गाडीतून प्लास्टिकच्या पिशव्यांत कटल्याची पिल्लं आली, हवा भरून फुगवलेल्या पिशव्या. टळटळीत दुपार होती, कारण समारंभाचे पाहुणे दुपारीच मोकळे होते. मॅडम म्हणत होती की पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवा, आतलं पाणी हळूहळू तळ्याइतकं होऊ द्या, संध्याकाळी सोडा. पण संध्याकाळी फोटो नीट येत नाही. पिशव्या फाडून ओतल्या. संध्याकाळपर्यंत काठावर चंदेरी किनार दिसत होती, लांबून बघितलं तर कुणाच्या लुगड्याची वाटावी. बगळ्यांनी त्या रात्री बंदीचं जेवण केलं.

आणि मग चिलापी आली, परमुलखातली मासळी. कुणी आणली, कुणाला माहीत नाही. ओढ्यातून आली असेल, त्या पिशव्यांतून आली असेल. काही पाहुणे येतात ते चार दिवस म्हणून आणि मग रेशनकार्डावर नाव घालून घेतात, तशी. चिलापीला उन्हाचं काही वाटत नाही. गरम पाणी, गढूळ पाणी, थोडं पाणी, सगळं चालतं. बाराही महिने पिलावळ, आणि पिल्लं तोंडात सांभाळते. बयाबाईनं ती बुट्टीतून नेली, तर तिची गिऱ्हाइकं मान हलवून पुढं गेली. हॉटेलवाले घ्यायचे, पण ते टेंपोवाल्याकडून थेट घ्यायचे. त्यांना बयाबाईची गरज नव्हती.

मात्र खात्याकडं जे कळवायचं असतं ते किलोत. तांबराचा किलो आणि चिलापीचा किलो खात्याला सारखाच. आमचं तळं मरत होतं आणि आमचं उत्पादन वाढत होतं. दोन हजार चार साली, ऐन दुष्काळात, आमच्या सोसायटीला आदर्श संस्थेचा पुरस्कार जाहीर झाला. खात्याचे साहेब तो स्वतः घेऊन येणार होते. अर्थातच बंदीच्या जेवणाला.

त्या वर्षी जेवण फाल्गुनातच आलं होतं. पाणी इतकं खाली गेलेलं की तळ्याच्या मधोमध चालत जाता यावं. सकाळी आकारामनं जाळं ओढलं. चिलापी, चिलापी, चिलापी. आणि शेवटच्या ओढीला, जाळ्याच्या कोपऱ्यात, एक तांबर. मादी. पोट टम्म. दोन वर्षांत जाळ्यात तांबर आला नव्हता.

मी काठावरच होतो. आकारामनं तिला दोन्ही हातांनी पाण्यातच धरलं, वर उचललं नाही. मला म्हणाला, "आण्णा, वड्याच्या तोंडाला करंजाखाली खोल कोंड हाय. गार पानी हाय तिथं. दोन-तीन नर हायत, म्या बगितल्यात. हिला तिथं सोडली तर ऱ्हाईल आमचं तळं. वळीव पडला की चढतील."

सौंदर्या मॅडम समारंभासाठी आलीच होती. ती चिखलात उतरून आली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. बयाबाई आली. आणि मागून हंबीरराव. आम्ही सगळे भांडायच्या तयारीनं वळलो.

हंबीररावांनी मासा बघितला, मॅडमकडं बघितलं आणि म्हणाले, "सोडायची."

आम्हाला खरं वाटेना. हंबीररावांचे डोळे पाणावले होते. ते मनापासून बोलत होते, हे मी आजही सांगेन. "आदर्श संस्था हाय आपली. संवर्धन केलंच पायजे. ह्यो मासा आज सोडायचा." मग पुढं म्हणाले, "सायबांच्या हस्ते."

आकाराम म्हणाला, आत्ता सोडतो, साहेबांना सांगा सोडला म्हणून. हंबीरराव म्हणाले, असं कसं, कार्यक्रम म्हणून काही असतो. मॅडम म्हणाली, निदान त्या कोंडात जाळीत घालून ठेवू, साहेब आले की तिथं नेऊ. हंबीरराव म्हणाले, तिथं चिखल आहे, साहेबांचे बूट आहेत. शेवटी मासा तांब्याच्या घंगाळात ठेवायचं ठरलं. मांडवाच्या पुढं, टेबलावर, घंगाळाला हळदीकुंकू लावून.

साहेबांची जीप वेळेवर येत नाही, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत असतं. ते आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. तोवर बयाबाई विहिरीचं पाणी कळशीनं आणून घंगाळात घालत होती आणि तापलेलं उपसून टाकत होती. तिनं वर ओलं पोतं झाकलं. कार्यकर्त्यांनी काढलं. तिनं परत झाकलं. तेव्हा हंबीरराव स्वतः आले. "बयाक्का, झाकलं तर फोटोत दिसनार कसं? आन् सारखं पानी वतू नको, सायबांच्या म्होरं चिखल हुतोय." तिला मांडवाच्या मागं बायकांत बसवलं.

मग स्वागत. मग हार. मग हंबीररावांचं प्रास्ताविक, ज्यात त्यांनी त्यांच्या वडिलांपासून सुरुवात केली. मी स्टेजवर चिठ्ठी पाठवली, 'मासा आधी'. चिठ्ठी हातोहात फिरत साहेबांकडं गेली. साहेबांनी वाचली, हसून मान डोलावली आणि शेजाऱ्याला सांगितलं की मासा आधी वाढा म्हणतायत, भूक लागलेली दिसते. आकाराम घंगाळाजवळ उभा होता. जाळं ओढून आलेला, उघडाबंब. दोनदा तो घंगाळाला हात घालायला गेला आणि दोनदा त्याला बाजूला केलं. एकानं तर त्याला शर्ट घालून ये म्हणून सांगितलं.

मॅडमचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ. दोन शब्द बोला म्हणाले. ती माइकपुढं आली आणि म्हणाली, "त्या घंगाळातलं पाणी गरम झालंय. गरम पाण्यात हवा राहत नाही. तो मासा श्वास घेऊ शकत नाही. आधी त्याला सोडा, मग माझ्यासकट सगळ्यांची भाषणं होऊ द्या." आणि खाली बसली.

हंबीररावांनी माइक घेतला. "मॅडमचा विनय बगा. सोतःचं भाषण मागं ठेवून आधी मुक्या जनावराचा विचार. टाळ्या हून जाऊ द्या." टाळ्या झाल्या. नंतर साहेब बोलले. संवर्धनावर बोलले. छान बोलले.

साहेबांच्या हस्ते मासा सोडला तेव्हा बँडवाल्यांनी सूर धरला. मासा पाण्यात गेला, क्षणभर तसाच राहिला, आणि सावकाश उताणा झाला. पांढरं, फुगलेलं पोट वर. मागं कुणीतरी म्हणालं, "प्वहतोय बगा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं आणखी एक घेतला.

मला त्या क्षणी सगळ्या गावाचा संताप आला. आजही येतो. भांडून मारला असता तर समजलो असतो. यांनी सत्कार करून मारला.

आकाराम पाण्यात उतरला आणि त्यानं तिला उचललं. सगळ्यांना वाटलं, कुठंतरी पुरेल. पण तो सरळ चुलीकडं गेला, विळीवर बसला आणि स्वतःच्या हातानं पोट चिरलं. गाबोळीचे दोन लांब, पिवळे गट्टे निघाले, अखंड. ते त्यानं आचाऱ्याकडं दिले. आचाऱ्यानं तव्यावर टाकले. मग तेच केळीच्या पानावर घेऊन आकाराम पहिल्या पंगतीत आला आणि हंबीररावांच्या पुढं ठेवले.

"ह्यात आमचं तळं हाय," तो म्हणाला. "निम्मं तुमी खावा. निम्मं सायबांस्नी द्या."

हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांना काहीतरी लागलं असावं असं मला वाटलं. मग त्यांनी मोठ्या मनानं मोठा तुकडा साहेबांच्या ताटात सरकवला, लहान स्वतः घेतला, आणि खाऊन झाल्यावर म्हणाले, "सुंदर. जरा वातड झालीया."

आकाराम जेवायला थांबला नाही. बयाबाईनं जाळं गोळा केलं, ते ओलं जाळं दोघांनी दोन टोकांना धरून उचललं, आणि दोघं आळीकडं निघून गेली. त्यानंतर आमच्या तळ्यात त्या घरचं जाळं पडलं नाही. तो हुपरीला पोराशेजारी बसून घुंगरू जोडतो. जाडी बोटं, बारीक काम. मालक ओरडतो म्हणतात.

पंगत चालू होती. सौंदर्या मॅडम शाल घडी करून निघाली होती. हंबीरराव हात धुता धुता तिच्याजवळ आले. ढेकर दिला, आणि खरोखर आदरानं विचारलं, "मॅडम, मग पुढल्या साली जेवान कवा धरायचं?"

तिनं तळ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते.

"आता कधीही धरा," ती म्हणाली. "आता कधीही धरलं तरी काही फरक पडत नाही."

हंबीरराव वळले आणि पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलं का रं? मॅडमनी मोकळीक दिलीया."

पंगतीनं टाळ्या वाजवल्या.